दाराबाहेरचे घर

भाडेकरूला घराबाहेर काढायचे तर मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. कारण सांगावे लागते, ते सिद्ध करावे लागते, वर्षानुवर्षे तारखांना हजर राहावे लागते. गच्चीच्या दाराला कुलूप लावायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. जिन्यातला दिवा गेला की तो बदलायचा नाही, बोळातले मागचे दार खिळे ठोकून बंद करायचे, चौकात पत्रा ठोकून आपली गाडी उभी करायची, सामाईक संडासावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावायची आणि दुरुस्ती काढायचीच नाही, हेही तसेच बिनपरवान्याचे. यातल्या एकाही गोष्टीला कोणी ‘घराबाहेर काढणे’ म्हणत नाही. माझे म्हणणे आहे की ते घराबाहेर काढणेच आहे. ते थोडे थोडे होते, म्हणून दिसत नाही. कायद्याने, पोलिसांनी आणि त्याच जिन्यावरून ये-जा करणाऱ्या शेजाऱ्यांनीही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहायला हवे.

त्यासाठी घर म्हणजे किती जागा, हे आधी ठरवावे लागेल. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या या खोल्यांत गिरणी कामगारांच्या आणि सरकारी शिपायांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या. पाच-सहा माणसांचे कुटुंब एवढ्याशा जागेत कसे मावले? उत्तर सोपे आहे, ते तिथे मावलेच नाही. मधल्या लांब पॅसेजमध्ये मुलांनी अभ्यास केला, रात्रपाळीहून आलेले पुरुष बाहेर पथारी टाकून झोपले, धुणे दाराबाहेर वाळले, संडास तर सगळ्या मजल्याचाच. खासगी मालकांच्या चाळींत गॅलरी, नळ, चौक आणि गच्ची यांनी हेच काम केले. भाडेपावतीवर खोलीचा नंबर असतो. संसार त्या नंबराच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो.

म्हणजे खोली जितकी लहान, तितका घराचा मोठा भाग दाराबाहेर. बाराशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गच्ची बंद झाली तर त्याची संध्याकाळची एक फेरी चुकेल. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याची गच्ची बंद झाली तर कपडे वाळवायची, डाळ-तांदूळ उन्हात घालायची आणि मे महिन्यात झोपायची जागा जाते. म्हणून फक्त खोलीचा ताबा राखणारा कायदा मोठ्या घरातल्या भाडेकरूला जवळजवळ पूर्ण संरक्षण देतो, लहान घरातल्याला अपुरे. ज्याला संरक्षणाची जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ते कमी येते.

या दाराबाहेरच्या जागांनी केवळ धुणे वाळवले असेही नाही. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला. पुढे चाळी-चाळींत व्याख्यानमाला झाल्या, नाटकांच्या तालमी झाल्या, संपाच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बैठका भरल्या. त्यासाठी सभागृह घेण्याची ऐपत कोणाकडेच नव्हती, चौक मात्र सगळ्यांचा होता. मालकाने चौकाला कुंपण घातले की रहिवाशांची एकत्र जमण्याची जागा जाते, आणि ज्यांना एकत्र जमता येत नाही त्यांना एकेकटे गाठता येते.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माझे बरीच वर्षे जाणे-येणे होते. तिथे काय घडत गेले ते मी पाहिले आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एक आजी एकट्या राहायच्या. वाड्याचा जिना लाकडी, अरुंद आणि उभा, चढताना धरायला वरून सोडलेला दोर. गच्चीवर आजींच्या कुरडया आणि मालकीणबाईंचे सांडगे एकाच चादरीवर वाळलेले मी पाहिलेत. जुने मालक वारले, मुलगा कोथरूडला राहायला गेला आणि गच्चीला कुलूप लागले. कारण सांगितले गळतीचे. आजींनी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आजी, तुम्हाला खोल्या दिल्यात, गच्ची कुठे दिलीये?” मग बोळाकडचे मागचे दार बंद झाले. दुधाच्या दुकानाला जायची आजींची वाट तीच होती. मग जिन्यातला दिवा गेला आणि गेलेलाच राहिला. अंधार पडल्यावर दोर धरून तो जिना उतरायचा म्हणजे जिवावरचे काम, त्यामुळे संध्याकाळचे देवळात जाणे थांबले. पावसाळ्याच्या तोंडावर टाकीचा पाइप तुंबला. प्लंबर आला, पण टाकी गच्चीवर आणि चावी कोथरूडला. शेवटी आजींच्या मुलाने त्यांना आपल्याकडे पिंपरीला नेले. “थोडे दिवस”, असेच सगळे म्हणाले. पुढे दाव्याची नोटीस आली, ती जागा वापरात नसल्याच्या कारणावरून. नोटिशीत कुलपाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

हा शेवट योगायोगाने झालेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाला ताबा मागण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांतले एक असे की दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी वापरलेली नाही. मूळ हेतू रास्तच आहे. शहरात जागेची टंचाई असताना कोणी दोन खोल्या नुसत्या कुलूपबंद करून ठेवू नयेत. पण जीव मेटाकुटीला आणून भाडेकरूला मुलाकडे जायला लावायचे, सहा महिने जाऊ द्यायचे आणि मग ‘वापर नाही’ म्हणून दावा लावायचा, हा त्याच तरतुदीचा दुसऱ्या टोकाने केलेला उपयोग. यातून सुटकेची वाटही त्याच कलमात आहे, ती म्हणजे ‘वाजवी कारण’. जिना अंधारात, पाणी बंद, मागची वाट बंद, हे जागा सोडून राहण्याचे वाजवी कारण ठरू शकते. मात्र ते त्या वेळी कागदावर आलेले हवे. कुलूप लागले त्याच आठवड्यात मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र, सोबत फोटो आणि पोचपावती जपून ठेवलेली, एवढे केले असते तर आजींच्या वकिलाच्या हातात काहीतरी असते. आपल्याकडे माणसे तोंडी तक्रार करतात, संबंध बिघडू नयेत म्हणून लिहीत नाहीत. समोरचा तोवर फाइल तयार करत असतो.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. याच अधिनियमाचे कलम २९ सांगते की भाडेकरू उपभोगत असलेला कोणताही अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा मालकाने, स्वतः किंवा दुसऱ्याकरवी, न्याय्य व पुरेशा कारणाशिवाय तोडायची नाही की रोखायची नाही. अत्यावश्यक सेवेत पाणी आणि वीज तर येतातच, शिवाय मार्गिकांतले व जिन्यांवरचे दिवे, लिफ्ट आणि सफाई-स्वच्छतेची सेवाही येते. मालकाने बिल थकवले आणि म्हणून पालिकेने पाणी तोडले, तरी ते मालकानेच रोखले असे धरले जाते. सर्वांत महत्त्वाची आणि फारच थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट ही की परिस्थिती तशी असेल तर मालकाला नोटीस जाण्याआधीच सेवा पूर्ववत करण्याचा अंतरिम हुकूम कोर्ट देऊ शकते. मुंबईत हा अर्ज लघुवाद न्यायालयात करायचा. दिवाणी कज्जा म्हणजे वीस वर्षे, या धास्तीने माणसे पाण्यावाचून दिवस काढतात, आणि कायद्यात तातडीचे दार उघडे असते.

या कलमाचे मर्म मला असे दिसते की ते करारात काय लिहिले यापेक्षा भाडेकरू आजवर काय उपभोगत आला याकडे पाहते. जुन्या भाडेकरूंकडे करार नसतोच. असते ती पावत्यांची चळत. ‘गच्ची कुठे दिलीये’ या प्रश्नाला पावतीत उत्तर सापडणार नाही, चाळीस वर्षांच्या वहिवाटीत सापडेल. अधिनियमात ‘जागा’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तीही चार भिंतींशी थांबत नाही. इमारतीला किंवा तिच्या भाड्याने दिलेल्या भागाला लागून असलेली बाग, मोकळी जागा, गॅरेज, आउटहाउस हे सगळे ती जागेतच धरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ तर सांगतो की भाडेकरू भाडे देतो आणि अटी पाळतो तोवर त्याला जागेचा निर्वेध उपभोग मिळेल, अशी हमी मालकाने दिलेलीच आहे असे समजावे. हे धागे एकत्र धरले तर चौक, मागचे दार आणि गच्ची यांचा दावा चांगला उभा राहतो. पण ते धागे वकिलाला ओवावे लागतात, कारण कलम २९ च्या यादीत गच्ची आणि चौक यांची नावे नाहीत. यादी तेवढ्यापुरतीच आहे असे कायदा म्हणत नाही, तरी खालच्या कोर्टात ज्याचे नाव लिहिलेले आहे त्याचा हुकूम लवकर मिळतो आणि ज्याचे नाही त्याच्यावर युक्तिवाद होतो. म्हणून गच्ची बंद झाली असेल तर तक्रार टाकीपासून सुरू करावी: टाकी साफ करता येत नाही, पाइप दुरुस्त करता येत नाही, म्हणजे पाणीच अडवले गेले आहे.

पोलिसांत गेले तर बहुतेक वेळा ‘सिव्हिल मॅटर आहे’ हे वाक्य ऐकून परत यावे लागते. ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाण्यापासून एखाद्याला अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. खासगी वाट अडवणाऱ्याला ती अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर त्याला त्यातून सूट आहे. या सुटीच्या आधारानेच ठाणे अंमलदार हात झटकतो. निदान जिना आणि संडास यांच्या बाबतीत तरी तसे चालू नये. भाडेकरूने जिन्याने जाऊ नये, असे प्रामाणिकपणे कोणत्या मालकाला वाटू शकेल?

मालकांची बाजू मला ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मुंबईचे भाडे १९४० सालच्या पातळीवर गोठवून ठेवले गेले. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा मूळ थोड्या काळापुरता होता, तो मुदतवाढीवर अर्धशतक चालला. असे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले. नवा कायदा आल्यावरही वाढ वर्षाला चार टक्के. दीड-दोनशे रुपये भाड्यात कौले शाकारायची, तुळया बदलायच्या आणि मालमत्ता कर भरायचा, हे गणित कोणालाच जमणारे नाही. पिढीजात वाडा असलेली कित्येक कुटुंबे स्वतःच ओढगस्तीत आहेत. हा अन्याय खरा आहे. पण त्याचे गाऱ्हाणे सरकारकडे आणि विधिमंडळाकडे आहे. त्याची वसुली दुसऱ्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाईकडून, जिन्यातला दिवा काढून घेऊन करता येत नाही. शिवाय भाडे हा आता या भांडणाचा फारसा विषय राहिलेला नाही. पेठांत आणि गिरगावात किंमत आहे ती वाडा पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीची. कुलपे लागतात ती बहुधा बिल्डरची माणसे फूटपट्टी घेऊन येऊन गेल्यानंतरच.

नियम लावणे आणि वाट अडवणे यांत फरक आहे आणि तो ओळखता येतो. गच्ची रात्री दहानंतर बंद, हा नियम. वॉटरप्रूफिंगसाठी पंधरा दिवस बंद, तारखा फळ्यावर लिहिलेल्या आणि काम खरोखर सुरू, हेही रास्त. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांना वर जाऊ न देणे तर योग्यच. कुलूप सगळ्यांसाठी आहे की काहींसाठीच, आणि ते कधी निघणार, एवढे दोन प्रश्न विचारले की बाकीचे आपोआप उघड होते. वाड्यांत एक जुनी रीत आहे. मालक एका भाडेकरूला चावी देतो, बाकीच्यांना नाही. ज्याच्या हाती चावी, तो लगेच मालकाच्या बाजूने बोलू लागतो. फूट पाडायला एवढे पुरते. म्हणून पत्र लिहायचे ते सगळ्यांनी मिळून, सगळ्यांच्या सह्यांनी. एकट्याच्या अर्जाला ‘हा भांडखोर आहे’ एवढे उत्तर पुरते, नऊ कुटुंबांच्या अर्जाला ते पुरत नाही.

हे लिहिताना भाडेकरूंचे वागणेही डोळ्यांआड करता येत नाही. गॅलरीत गोदरेजचे कपाट, त्यावर जुन्या गाद्या, शेजारी मोडकी सायकल आणि सिलिंडर, अशी अर्धी वाट अडवून ठेवणारी कुटुंबे प्रत्येक चाळीत असतात. सामाईक जागा आपली म्हणायची आणि ती एकट्याने बळकवायची, हे मालकाच्या कुलपाइतकेच शेजाऱ्याच्या हक्कावर आक्रमण आहे. आग लागली तर त्या कपाटापाशी माणसे अडकतील. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा आत्मघात आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणे, ही दोन्ही ताबा मागण्याची कारणे त्याच कलम १६ मध्ये आहेत. गॅलरीला भिंत घालून स्वयंपाकघर वाढवणारा मालकाच्या हाती आयते हत्यार देतो.

आतापर्यंत बोललो ते जुन्या, पावतीवाल्या भाडेकरूंबद्दल. आज पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारे बहुसंख्य तरुण मात्र अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात. त्यांची स्थिती याहून कमकुवत आहे. कलम २९ चे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे आणि परवानाधारक कायद्याच्या लेखी भाडेकरू नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. त्यानंतरच्यांना ते छत्र नाही. त्यांच्या हाती उरतो करार, आणि मुदतीआधी बाहेर काढले तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खालची भरपाई. ती मिळेपर्यंत अकरा महिने कधीच संपलेले असतात. आणि त्या करारात काय असते? मी पाहिलेल्या बहुतेक करारांच्या परिशिष्टात पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर कोणत्या कंपनीचा, पडद्याचे रॉड किती, याची शिस्तीत नोंद असते. पार्किंग, गच्ची, क्लबहाउस, खेळायची जागा याबद्दल अवाक्षर नसते.

मग सोसायटीच्या फलकावर सूचना लागते की भाडेकरूंनी गच्चीचा वापर करू नये, भाडेकरूंच्या मुलांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही. इथे कुलूप घालणारी समिती असते आणि ज्याला भाडे मिळते तो फ्लॅटमालक ‘सोसायटीचा नियम आहे हो, मी काय करणार’ म्हणून मोकळा होतो. तो मोकळा होऊ शकत नाही. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारने २००१ मध्ये ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर मर्यादित केले आहे. सेवाशुल्क तर तो भरतोच. म्हणजे त्या फ्लॅटच्या वाट्याची लिफ्ट, गच्ची, बाग या सगळ्याचे पैसे पूर्ण भरले गेले आहेत, उलट थोडे जास्तच. समितीशी भांडायचे ते सभासद या नात्याने त्यानेच, गरज पडली तर उपनिबंधकांकडे जाऊन. सामाईक जागा बिल्डरला वेगळ्या विकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्टिल्ट पार्किंगच्या संदर्भात स्पष्ट केले. ज्या जागा बिल्डरला तोडून विकता येत नाहीत, त्या समितीला माणसे पाहून वाटता येतील, असे मानणे मला तर्काला धरून वाटत नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था आहे ती कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींची. नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ इथे स्पर्धा परीक्षांसाठी लातूर-बीड-यवतमाळहून आलेली मुले एका खोलीत चार-चार राहतात. भाड्याने घेतलेली असते फक्त एक कॉट. कपाटाचा एक कप्पा, न्हाणीघर, पाण्याचा फिल्टर, पुस्तक ठेवायची खिडकी, सगळे सामाईक. जवळजवळ सगळे घरच दाराबाहेर. सकाळी सातनंतर गरम पाणी बंद, दुपारी खोलीत थांबायचे नाही, मैत्रिणीला जिन्यापर्यंतही आणायचे नाही. अट मोडली तर डिपॉझिट गेले, आणि डिपॉझिट म्हणजे गावाकडे बापाने सोयाबीन विकून दिलेले पैसे. हॉटेलातली किंवा लॉजिंगमधली खोली भाडे कायद्याच्या ‘जागे’त येत नाही, त्यामुळे अशी खोली लॉजिंग आहे असे म्हटले की मालक त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू पाहतो. ही मुले तलाठ्याचे अधिकार तोंडपाठ करतात. स्वतःच्या कॉटभोवतीच्या जागेवर आपला काय अधिकार आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नाही, कारण सांगण्यासारखे फारसे लिहिलेलेच नाही.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यातली अत्यावश्यक सेवांची यादी आपल्या कलम २९ पेक्षा लांब आहे: पाइपचा गॅस, पार्किंग, दळणवळणाच्या जोडण्या आणि सुरक्षेची व्यवस्था त्यात आली आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि त्यातल्या भाडेवाढीबद्दलच्या तरतुदींवर जुन्या भाडेकरूंचे आक्षेप आहेत, ते मला रास्त वाटतात. पण एवढी यादी उचलायला संपूर्ण कायदा स्वीकारण्याची गरज नाही. कलम २९ मध्ये दुरुस्ती करून त्यात गच्ची, चौक, मागची-पुढची वाट आणि सामाईक संडास ही नावे घालावीत. ‘भाडेकरू’च्या पुढे ‘किंवा परवानाधारक’ असे शब्द घालावेत, कॉटवाल्यांना त्यात स्पष्टपणे धरावे. मालकाने अडवणूक केल्यामुळे जागा सोडून राहावे लागले तर तो काळ सहा महिन्यांत मोजू नये, हे कलम १६ मध्ये लिहावे. आणि दंड बदलावा. आज कोर्टाचा हुकूम न पाळणाऱ्या मालकाला रोज जास्तीत जास्त १०० रुपये दंड होऊ शकतो, गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद केलेला चौक मोटारसायकली लावायला दिला तरी दिवसाला १०० रुपयांहून जास्त सुटतात.